फळीवरची वाढीव जागा

हाज मुरसींनी आपल्या भट्टीतल्या मांडणीच्या प्रत्येक फळीवर एकेक जागा वाढवली आणि ती कुणालाही न विचारता वाढवली, हे आधी नोंदवून ठेवलं पाहिजे. कारण पुढे जे झालं त्याचं खापर कैरोतल्या शुब्र्याच्या त्या गल्लीने उस्ताज फिक्रींच्या डोक्यावर फोडलं, आणि इतक्या वर्षांनीही ते तिथून खाली उतरलेलं नाही. आजही कुणी विषय काढला तर फिक्री चहाचा पेला खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "माणसाने भट्टी वाढवावी, मजले वाढवावेत, पोट वाढवावं. माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या प्रोग्रामवर सगळं चाललंय त्याला निदान कानात तरी सांगावं की नाही?"

उस्ताज फिक्री एका सरकारी खात्यात प्रोग्राम लिहायचं काम करत. कैरोत ज्याच्या टेबलावर संगणक असतो तो आपोआप इंजिनियर होतो, तसे तेही गल्लीत 'इंजिनियरसाहेब' झाले होते, आणि ही चूक दुरुस्त करण्याची घाई त्यांनी कधी केली नव्हती. घरात मात्र या पदवीला कवडीची किंमत नव्हती. ज्याला मोरीतला गळका नळ आवळता येत नाही त्याला इंजिनियर म्हणणं म्हणजे खऱ्या इंजिनियरांचा अपमान आहे, असं त्यांची बायको इब्तिहाल चारचौघांत म्हणत असे.

त्या रमजानात तिचा पारा जरा जास्तच चढलेला होता, आणि त्याला कारणही होतं. मुलगी मयादा हिचा साखरपुडा होऊन बरेच दिवस झाले तरी निकाहाची तारीख ठरत नव्हती. मुलाची आई सुहैरबाई दमनहूरच्या. प्रत्येक भेटीत त्या 'बघू या, इन्शाअल्लाह' म्हणत आणि पर्स उचलून निघून जात. आता त्यांनी निरोप धाडला होता की ईदच्या पहिल्या दिवशी येतो, तुमच्या घरचे कहक खातो आणि मग तारखेचं बोलू. कहक खाल्ले की घर कळतं, असंही त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य इब्तिहालच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं.

कहक म्हणजे मैद्यात सढळ तूप घालून, आत सारण भरून भाजलेली आणि वरून पिठीसाखरेत लोळवलेली ईदची बिस्किटं. ती घरोघरी वळायची आणि भाजायला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हाज मुरसींच्या भट्टीत न्यायची, ही तिथली रीत. ट्रे भट्टीचेच, सगळे एकसारखे काळे. कहकही वरून दिसायला सगळ्या गल्लीचे सारखेच. म्हणून प्रत्येक बाई आपल्या ट्रेत खूण ठेवी. कुणी कोपऱ्यातल्या बिस्किटात लवंग टोचे, कुणी काबुली चणा दाबे. आदल्या वर्षी कुणाची तरी लवंग गळून पडली आणि इब्तिहालचा एक ट्रे गेला तो गेलाच.

"यंदा पुन्हा तसंच झालं तर सुहैरबाईंच्या पुढ्यात काय ठेवू? तुमचा कीबोर्ड?" ती म्हणाली. "सरकारचा सगळा कारभार म्हणे तुम्ही रांगेत लावून देता. आपल्या घरच्या एका ट्रेचं तेवढं जमत नाही!"

हे फिक्रींना फार लागलं. आपल्या विद्येचा असा जाहीर पाणउतारा, आणि तोही उपाशीपोटी, त्यांना सहन होईना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातला संगणक उचलला, हातगाडीवर घातला आणि भट्टीत नेऊन ठेवला.

हाज मुरसी हा माणूस हो म्हणताना असा दिसे की जणू आपणच उपकार करतोय. पलीकडच्या गल्लीतल्या भट्टीकडे गिऱ्हाईक वळू लागलं होतं, म्हणून त्यांनाही काहीतरी नवं हवं होतंच. संगणकाला त्यांनी चहाच्या शेगडीशेजारची जागा दिली. "ऊब मिळेल बिचाऱ्याला," ते म्हणाले. थंडीचे दिवस होते, पण संगणकाला ऊब लागत नाही हे त्यांना पटवण्यात अर्धी दुपार गेली. पीठ उडून पडद्यावर बसे, ते पुसायला फिक्रींना आपला रुमाल द्यावा लागला, आणि तो रुमाल परत आला नाही.

प्रोग्राम मात्र झकास होता. त्यात एक ॲरे होता, म्हणजे आठवणीत ठेवायची एक चौकट. तिला तीन बाजू: फळीवरची जागा, फळी आणि दिवस. बाईने ट्रे आणून दिला की हाज मुरसींनी तिचं नाव टाकायचं, ट्रे कुठल्या फळीवर कितव्या जागी ठेवायचा ते यंत्र सांगणार. भाजून झालं की ट्रे पुन्हा त्याच जागी. बाई न्यायला आली की नाव घ्यायचं, यंत्र जागा दाखवणार. ना भांडण, ना लवंग.

यात दिवस ही बाजू फिक्रींनी मुद्दाम शेवटी ठेवली होती, आणि त्यात त्यांची खरी हुशारी होती. त्या प्रोग्रामच्या भाषेचा एक हेका होता. आतली नावं जपून चौकट मोठी करायची असेल तर फक्त शेवटची बाजू वाढवता येई. बाकी दोन बाजूंना हात लावला की भाषा सरळ नाही म्हणे. आता रमजान किती दिवसांचा होणार हे चंद्र दिसेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. एक दिवस वाढला तर? म्हणून दिवस शेवटी. खुद्द चंद्राने ऐनवेळी हुलकावणी दिली तरी आपला प्रोग्राम डगमगणार नाही याचा त्यांना इतका अभिमान वाटला, की त्यांनी तो हाज मुरसींना दोनदा समजावून सांगितला. हाज मुरसी दोन्ही वेळा "अल्लाह तुम्हाला बरकत देवो" म्हणाले आणि पीठ चाळत राहिले.

फिक्रींनी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नवं काही केलं की जुन्याचा नायनाट केल्याशिवाय शिकलेल्या माणसाला चैन पडत नाही. त्यांनी फर्मान काढलं: यापुढे खुणा बंद. लवंग, चणा, बटण असलेला ट्रे भट्टी घेणार नाही.

"मी आईच्या वेळेपासून लवंग लावतेय," इब्तिहाल म्हणाली.

"अगं, यंत्राच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेव. इंजिनियरच्याच घरातून लवंगेचा ट्रे गेला तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाई शहाणी आहे."

फिक्रींनी पुढे होऊन कोपऱ्यातल्या बिस्किटातली लवंग स्वतःच्या बोटांनी उपटून काढली. ते भोक तिने अंगठ्याने दाबून बुजवलं.

हे झालं रमजानच्या अखेरच्या दिवसांत. ट्रे द्यायला इब्तिहाल स्वतः रांगेत उभी राहिली, तेवढ्यात मादाम इक्बाल आल्या. मादाम इक्बाल म्हणजे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर शाळेच्या रांगा लावल्यामुळे रांग आपल्यासाठी नसते अशी त्यांची समजूत झाली होती. "जरा बाजूला हो गं, माझे गुडघे दुखताहेत," म्हणत त्या पुढे घुसल्या. त्यांचा ट्रे दुसऱ्या फळीवर पहिल्या जागी गेला आणि इब्तिहालचा त्यांच्या लगेच मागे दुसऱ्या. इब्तिहालच्या कहकात खजूर होता, मादाम इक्बालांच्या कहकात मध-अक्रोड. घरी येऊन इब्तिहाल इफ्तारपर्यंत धुसफुसत होती. "त्या बाईच्या मागे उभं राहायची वेळ आली माझ्यावर! गुडघे दुखतात म्हणे. जिने चढून लोकांच्या चौकश्या करताना दुखत नाहीत ते!"

गाजावाजा झाला तशी भट्टीत झुंबड उडाली. आजूबाजूच्या गल्ल्यांतूनही ट्रे येऊ लागले. आणि मग हाज मुरसींना हाव सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लोहाराला बोलावून मांडणीच्या प्रत्येक फळीच्या टोकाला पत्रा जोडून घेतला. आधीचे ट्रे होते तिथेच राहिले. पहिल्या फळीवरच्या नव्या जागेवर लगेच कुणा परक्या गल्लीतल्या बाईचा ट्रे बसवण्यात आला. यंत्र काही तिचं नाव घेईना. तेव्हा कुठे इंजिनियरसाहेबांची आठवण झाली.

फिक्री तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज आटोपून पोहोचले तेव्हा भट्टीसमोर बायकांची दाटी होती. त्या दिवशी चंद्र दिसण्याचा रंग होता, त्यामुळे सगळ्यांनाच ट्रे लगेच हवे होते.

"तुम्ही फळी वाढवलीत?" फिक्रींचा आवाज चिरकला. "मला न सांगता?"

"फळी कुठे वाढवली? फळ्या तेवढ्याच आहेत. एकेक जागा वाढवलीय," हाज मुरसी म्हणाले. "एवढं मोठं तुमचं यंत्र, त्याला एक जागा जड झाली?"

"अहो, जागा ही पहिली बाजू आहे! वाढते ती शेवटची बाजू. तुम्हाला मी सांगितलं होतं, दिवस वाढवा, हवे तेवढे वाढवा!"

"दिवस वाढवणं माझ्या हातात आहे का, इंजिनियरसाहेब? अल्लाहची क्षमा मागा!"

गर्दीतल्या बायकांनीही त्यांना क्षमा मागायला लावली. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाली, बंद करून चालू करा. दुसरीच्या दिराच्या दुकानातला संगणक थोपटला की चालत असे, तिने पुढे होऊन तो थोपटलाही. कोपऱ्यावरचा न्हावी उस्ता झकी, ज्याचा ट्रे इब्तिहालच्या शेजारीच होता, वस्तरा हातात घेऊन आला आणि म्हणाला, "डोक्याला आराम द्या, दाढी करून जा." फिक्रींच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांनी चौकट वाढवायचा हुकूम दिला. भाषा नाही म्हणाली. पुन्हा दिला, पुन्हा नाही. त्या हुकमात 'आतलं जपून' असा एक शब्द असतो. रागाच्या भरात त्यांनी तो शब्दच काढून टाकला.

भाषेने तत्काळ ऐकलं. चौकट हवी तेवढी मोठी झाली. आतलं एकही नाव शिल्लक राहिलं नाही.

गल्लीतल्या सगळ्या कहकांची नावं एका क्षणात नाहीशी झालेली पाहून दुसरा कुणी खचला असता. पण फिक्री खात्यात मुरलेले होते. त्यांच्या खिशात फ्लॉपी होती आणि तिच्यावर सगळी नावं एकाखाली एक अशी उतरवलेली होती. त्यांनी ती भराभर नव्या चौकटीत ओतली. पहिलं नाव पहिल्या जागेवर, दुसरं दुसऱ्या, असं शेवटपर्यंत. परक्या बाईचं नाव सगळ्यांच्या शेवटी टाकलं. एकूण नावं मोजली. एकही कमी नव्हतं. "बघा!" त्यांनी कपाळाचा घाम पुसला, बाहीने, कारण रुमाल नव्हता.

आणि इथेच घोटाळा झाला. जुम्म्याच्या नमाजाला पहिल्या रांगेत शेवटी एक जागा झाली की दुसऱ्या रांगेतला पहिला माणूस पुढे जातो, आणि त्याच्या मागची सगळी रांग एकेक पाऊल सरकते. नावांचंही तसंच झालं. दुसऱ्या फळीवरच्या पहिल्या मादाम इक्बाल पडद्यावर पहिल्या फळीच्या शेवटच्या जागेवर गेल्या. इब्तिहाल त्यांच्या जागेवर सरकली, झकी न्हावी इब्तिहालच्या जागेवर. पडद्यावर सगळी गल्ली सरकली, आणि मांडणीवरचे ट्रे मात्र जिथल्या तिथेच होते.

पहिल्या फळीवरच्या बायकांना आपापले ट्रे बरोबर मिळाले, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. आली असती तरी काय? रोजा सुटलेला नव्हता. ज्याच्या चवीवरून ओळख पटली असती ते बिस्किट तोंडात घालायची सोय त्या वेळी सबंध शुब्र्यात कुणालाही नव्हती. आणि खुणा तर इंजिनियरसाहेबांनी स्वतःच्या बोटांनी उपटल्या होत्या.

त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. मग घराघरांत धुणं-पुसणं, आंघोळी, नवे कपडे. इब्तिहालने कहक साखरेत घोळवले आणि डबे बंद केले. ईदची नमाज होईपर्यंत डबा उघडायचा नाही, हा तिच्या आईचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी नमाज संपते न संपते तोच सुहैरबाई हजर. सोबत नवरा आणि मुलगा हातिम. "वर्षानुवर्षं सुखात राहा," म्हणत त्या दिवाणखान्याच्या मधोमध बसल्या. इब्तिहाल स्वयंपाकघरात चहा करत होती. मयादाने थाळी पुढे केली.

सुहैरबाईंनी एक कहक उचलला, न्याहाळला, चावला. डोळे मिटले. फिक्रींनीही पाहुण्यांना सोबत म्हणून एक उचलला. तो इतका अप्रतिम होता की त्यांनी दुसरा घेतला. बायकोने यंदा कमाल केली, असं म्हणत तिसराही घेतला. ते चौथ्याला हात घालत होते तेव्हा इब्तिहाल चहा घेऊन बाहेर आली.

"मयादाच्या आई," सुहैरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच लोणी आलं, "आमच्या दमनहूरला असा मध-अक्रोड कुणाला जमत नाही. तोंडात ठेवला की विरघळतोय! हातिम, खा रे. आपल्याकडे असं कधी झालंय का?"

मध-अक्रोड. इब्तिहालच्या हातातला ट्रे किंचित कलला. तिने फिक्रींकडे पाहिलं. फिक्रींच्या तोंडात चौथा कहक होता आणि तो आता गिळताही येईना, बाहेरही काढता येईना. त्याच वेळी खालून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. "कुठाय तो इंजिनियर? माझ्या डब्यात हे कुणाचं?" फिक्रींनी घाईने खिडकी लावली.

"खाली काय गडबड आहे?" सुहैरबाईंनी विचारलं.

"ईदचा आनंद," फिक्री म्हणाले.

दार वाजलं. मादाम इक्बाल आत आल्या, हातात झाकलेली थाळी आणि चेहरा लालबुंद. "इंजिनियरसाहेब, हे खाऊन दाखवा! दगड आहेत दगड! माझ्या सुनेचा दात—" तेवढ्यात त्यांना पाहुणे दिसले आणि त्या थबकल्या.

"या, या, बसा," सुहैरबाई म्हणाल्या. "आधी हे घ्या. मयादाच्या आईचे कहक. आयुष्यात असे खाल्ले नसतील तुम्ही."

नाही म्हणायची सोय नव्हती. मादाम इक्बालांनी एक तुकडा तोंडात टाकला. चावता चावता त्यांचं तोंड थांबलं. त्यांनी थाळीकडे पाहिलं, मग फिक्रींकडे, मग इब्तिहालकडे. मयादाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिचं सगळं लग्न त्या म्हाताऱ्या बाईच्या दातांमध्ये होतं, आणि रांगेत घुसल्यापासून घरात त्या बाईला काय काय बोललं गेलं होतं ते तिला पाठ होतं.

मादाम इक्बाल बराच वेळ चावत राहिल्या.

"मधाला आच बरोबर दिलीय," शेवटी त्या म्हणाल्या. "हाताला वळण आहे."

"कुणाकडे शिकलात हो?" सुहैरबाईंनी इब्तिहालला विचारलं.

इब्तिहालने चहाचा ट्रे खाली ठेवला. तिच्या मानेची शीर ताठ झालेली फिक्रींना दिसली. "यांच्याकडेच," ती म्हणाली. "या वर राहतात. मुख्याध्यापिका होत्या. सगळं यांचंच आहे."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मादाम इक्बालांनी पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला आणि त्या इब्तिहालच्या शेजारी जाऊन बसल्या. परक्या बाईच्या त्या दगडांची थाळी त्यांनी हळूच खुर्चीखाली सरकवली. तासाभरात तारीख ठरली. निघताना सुहैरबाई म्हणाल्या, "निकाहाला हेच कहक हवेत हं. आमच्या सगळ्या दमनहूरला पुरतील एवढे!"

पाहुणे गेल्यावर फिक्रींनी घसा साफ केला. "शेवटी सगळं नीटच झालं ना? चूक माझी नाहीच. हाज मुरसींनी जर आधी सांगितलं असतं, तर मी जागा शेवटी—"

"तुम्ही चौथा घेत होतात," इब्तिहाल म्हणाली.

"काय?"

"चौथा. इतकी वर्षं माझे कहक खाताय. दर ईदला एक खाता आणि 'छान झालेत' म्हणून पेपर उघडता. दुसरा कधी घेतला नाहीत." तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला वाटायचं, तुम्हाला गोड आवडत नाही."

विषय बदलावा म्हणून फिक्री खाली गेले आणि झकी न्हाव्याला त्यांनी विचारलं की तुझ्या डब्यात खजुराचे आले का.

"आले ना," झकी म्हणाला.

"मग? कसे होते?"

"संपले," झकी म्हणाला आणि गिऱ्हाइकाच्या मानेला साबण लावू लागला.

नवऱ्याने कधी दुसरा घेतला नाही आणि न्हाव्याने सगळे संपवले, हे घरी कसं सांगावं ते फिक्रींना सुचेना, म्हणून त्यांनी ते सांगितलंच नाही. हाज मुरसींनी संगणक हातगाडीवर घालून परत पाठवला, त्यात पीठ इतकं होतं की एक कहक झाला असता. रुमाल आलाच नाही.

निकाहाच्या आठवड्यात इब्तिहाल मैद्याचं पोतं घेऊन वरच्या मजल्यावर गेली. दिवसभर जिन्यात मादाम इक्बालांचा आवाज घुमत होता. "अगं, मध आहे तो, त्याला घाई करू नकोस! पुन्हा कर!" आणि इब्तिहाल, जी आजवर कुणाचं ऐकून घेत नव्हती, पुन्हा करत होती. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे लाल डाग होते. भरलेला ट्रे तिने फिक्रींच्या हातात दिला. कोपऱ्यातल्या कहकात लवंग होती. फिक्रींनी लवंगेकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही सुचवलं नाही.

भट्टीत हाज मुरसी हसतमुखाने पुढे आले. "द्या इकडे, इंजिनियरसाहेब. दुसऱ्या फळीवर एक जागा रिकामी आहे."

"नको," फिक्री म्हणाले. "याला जागा नको."

त्यांनी भट्टीच्या तोंडाशी स्टूल ओढलं. ट्रे आत गेला आणि बाहेर आला तोवर त्यांनी नजर हलवली नाही. मग तो गरम ट्रे जुन्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, तो निवेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. गल्लीतल्या बायका येता-जाता हसत होत्या. फिक्रींनी एक कहक उचलला, खाल्ला. मग दुसरा उचलला, तोही खाल्ला. आणि घरी जाऊन तिला दोन खाल्ल्याचं सांगायचं, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.